उंबऱ्यातला रुपया

चौल, मंगळवार

वाटणीत घर दादाकडे गेलं, त्यासोबत उंबऱ्यात खिळ्यानं ठोकलेला चांदीचा रुपयाही गेला. आज नवा उंबरा बसवताना त्यानं तो उपटून माझ्या हातात दिला. "तुला नाण्यांतलं कळतं. बघ काय हाय."

वरच्या बाजूचा राजा पार गुळगुळीत, नाण्याचा दर्जा ठरवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उंबऱ्यावर पाय देऊ नये, असं आमच्याकडे सगळे सांगायचे. देत नव्हते, तर मग चांदी झिजली कशानं?

उलटा केला. लाकडाकडच्या बाजूला तोच राजा, पण आरशातल्यासारखा उलटा आणि आत खोल दबलेला. टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्यावर असा ठसा उमटतो. खिळा गालातून आरपार, तरी केस न् केस कोरा. जन्मभर असा एक शोधत हिंडलो.

"दादा, मला दे हा. बदल्यात दुसरा देतो."

"न्हाय. घराचा हाय तो."

गालातल्या त्याच भोकातून दादानं नव्या उंबऱ्यात खिळा ठोकला. तोही रुपयाची न झिजलेली, कोरी बाजू वर करून, लोकांना दिसावी म्हणून.

शुक्रवारी वास्तुशांत. दादा दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल, उंबऱ्यावर पाय देऊ नका.