टोल्युइनमध्ये बुडवलेलं रबर

प्रिय बाबा,
जय भीम.

कॉलेजनं मला तात्पुरतं तुमच्या जागी घेतलंय; आज तिथं उभं राहून मी तुमचं प्रॅक्टिकल घेतलं. घरी येऊन आईला सांगायला लागले, तर ती ऐकता ऐकता उठून आत गेली. मग कुणाला सांगू? म्हणून लिहितेय.

लातूर जिल्हा झालं, नव्या पाट्या लागल्या, पण कॉलेजचे नळ यंदाही कोरडेच. पाणी लागणारी सगळी प्रॅक्टिकल बंद. तुमचं तेवढं चालू! सायकलच्या ट्यूबचा तुकडा तोलायचा, टोल्युइनच्या द्रावकात बुडवून बाटली झाकायची, दुसऱ्या दिवशी टिपून, किती फुगला ते बघायला पुन्हा तोलायचा. रबराच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जितक्या जास्त ठिकाणी बांधलेल्या, तितकं ते कमी फुगतं. किती रंगवून सांगायचात तुम्ही! मला आज कसंबसं आटपावं लागलं.

आणि काय झालं माहितीय? बहुतेक बाटल्यांत तुकडे अर्धे उघडेच! औशाकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जास्त वतून कशाला नास करायचा? थोडक्यात भागतंय की." घागरभर पाणी दिवसभर पुरवणारे हात ते. गेल्या वर्षी शिकत असताना तुमच्या वर्गात मीही हेच केलं होतं. केवढ्यानं हसला होतात! "अगं, टोल्युइनचा दुष्काळ न्हाई. बुडू दे त्याला!" आज मी तेच म्हणाले. मुलं हसली. मला हसता आलं नाही.

बाबा, एक राग मात्र जाता जात नाही. रबर जरासं फुगलं तरी ते मोजायला आम्हाला शिकवलंत, आणि स्वतःचे सुजलेले पाय भर उन्हाळ्यात मोज्यांत कोंबून कॉलेजला जात राहिलात! आईनं विचारलं की म्हणायचात, "काही न्हाई गं, दिवसभर उभा राहतो, त्याचं हाय." का लपवलंत?

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी, अंगात पाणी साठलंय म्हणून, प्यायचं पाणी मोजून द्यायला सांगितलं. ते काम माझ्याकडे आलं. त्या दुपारी तुम्ही पाणी मागितलंत आणि मी "थोड्या वेळानं" म्हणाले. तो थोडा वेळ संपायच्या आत तुम्ही गेलात.

हल्ली संध्याकाळी आईचे पाय सुजल्यासारखे दिसतात. विचारलं की तीही उडवून लावते. तुम्हाला वचन देते बाबा, रोज तिचे पाय मांडीवर घेऊन बोट दाबून बघेन. दाबल्या जागी खळगा तसाच राहिला, म्हणजे सूज असली, तर ती कितीही चिडली तरी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेईन.

तुमची,
प्रज्ञा