ओठ न लावता

९ ऑक्टोबर, लातूर
लेक मुक्ता आली. मालवणला लोकांना पाण्याखाली नेते, तिथल्याच मैत्रिणीची गाडी घेऊन आली. डिकीत हवेच्या दोन टाक्या. सौ. म्हणाली, "गॅस कशाला आणलास गं, घरी हाय की!"
डिसेंबरात अंदमानला जाणार, नवी नोकरी. त्याआधी मला एकदा समुद्रात न्यायचंय म्हणे. हो म्हटलं. विहिरीत पोहत वाढलेला माणूस मी, पाण्याला कशाला भितो.

१० ऑक्टो.
सकाळी अंगणात खुर्चीवर सराव. नळीच्या टोकाचं रबर दातांत धरायचं आणि फक्त तोंडानं श्वास. जरा वेळातच जीभ कोरडी ठक्क. मग उमासा. चहा बाहेर.
सौ. : "दिवसभर पोरांपुढं बोलून घसा वाळत न्हाई, अन् हे काय नवीन?"
मु. हसली नाही. "टाकीतली हवा कोरडीच असती बाबा. आधी पाणी प्या. रबर चावू नका, नुसतं धरा. श्वास हळू."
सगळं केलं. दुपारचं जेवणही गेलं नाही.

१२ ऑक्टो.
नीटच्या बॅचला लाळग्रंथी शिकवल्या. पोरांना चित्र काढून दाखवलं. माझ्या स्वतःच्या कुठं गेल्यात देव जाणे.
संध्याकाळी परत तेच. शेवटी मु.ला सांगितलं. भूकंपात मातीखाली सापडलो तेव्हा तोंड मातीनं गच्च भरलेलं. आईनं बोटं घालून काढली. तेव्हापासून तोंडात काही राहिलं की पोट वर येतं. दाताच्या डॉक्टरला चावलोय मी.
तिनं पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा. नका येऊ."
हे मात्र मला ऐकवेना. पोरगी एवढ्या लांब चालली आणि ती काय करते ते मी बघायचंच नाही? रविवारी किल्लारीला विहिरीवर जाऊ म्हटलं.

१५ ऑक्टो., किल्लारी
चुलतभावाच्या शेतातली विहीर. यंदा तुडुंब. मु.ला इथंच पोहायला शिकवलं, पाठीला डबा बांधून. तेव्हा रडायची. आज ती माझ्या पाठीवरच्या टाकीचा पट्टा धरून पायरीवर उभी, आणि तोंड माझं उतरलेलं.
खाली गेलो. तोंडात पाणी, उमासा, वर. परत. परत. भाऊ काठावरनं ओरडला, "सर, सोडा की आता!"
पुढच्या खेपेला मु. डोळ्यांवरच्या काचेतून नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वर आल्यावर खो खो हसत सुटली. "बाबा, तुम्ही ओठच लावत न्हाईत! तांब्यातून वरनं पाणी पिल्यासारखं तोंड वासून राहिलात!"
खरंच की. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये एक घागर, एक तांब्या, पिणारे सतरा. ओठ लावला की आईचा धपाटा. आजही क्लासात बाटली वरूनच पितो. उष्ट्याला ओठ लावायचा नाही हे हाडात बसलंय, आणि ही नळी तर किती जणांच्या तोंडातली.
मु.नं स्वतःची नळी काढून पुढं केली. "ही घ्या. माझीच उष्टी हाय."
रबरावर तिच्या दातांच्या खुणा. लहानपणी तिच्या ताटातला उरलेला वरणभात मीच संपवायचो. ओठ मिटले. आपोआप.
विहिरीच्या पाण्याचा घोट तोंडात फिरवून गेलो खाली. कोरड पडली. एकदा उमासा आलाही, पण मु.नं हात घट्ट धरला, हळू हळू अशी खूण केली, आणि गेला. समोर हिरवट पाण्यात माझी लेक, केस तरंगताहेत. किती निवांत असते ती तिथं. घरी कधी अशी दिसली नाही. माझ्या आईनं हे बघायला पाहिजे होतं. रडलो थोडा. काचेच्या आत कुणाला कळतंय.

१६ ऑक्टो., लातूर
मु. गेली. घर एकदम मोठं झालं. जाताना नळीवरचं तिचं रबर काढून माझ्या हातात दिलं. "रोज थोडा वेळ तोंडात धरून बसा. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला या."
समुद्र म्हणजे विहीर नव्हे. तिथं पायरी नाही. जमेल का… तिकीट अजून काढलेलं नाही.
संध्याकाळी टीव्हीसमोर रबर धरून बसलो. सौ. ओरडली, "अहो, धुऊन तरी घ्यायचं!"
तोंडातून काढून म्हटलं, "लेकीचं हाय." आणि परत ओठ मिटले.