दसऱ्याला पाय चपलेत जाईना

खांदेश्वर, नवी मुंबई

तीर्थस्वरूप ताईस भालचंद्राचा वाकून नमस्कार.

फोनवर मला धाप लागते आणि तू घाबरतेस, म्हणून लिहितो आहे.

दसऱ्याच्या सकाळी पूजा आटोपून चपला घालायला गेलो, तर पाय आत जाईना. देवीचे नऊ दिवस अनवाणी होतो. वैजयंतीला म्हटलं, "चपला आटल्या बहुतेक."

"चपला नाही, पाय सुजलेत तुमचे. आणि हे देवीच्या नावावर खपवू नका."

मला मात्र ती अनवाणी चालण्याची सूज वाटत होती. फुफ्फुसांच्या या जुन्या दुखण्यात दम वाढला की ओढायच्या पंपाचं औषध वाढवायचं, एवढंच मला ठाऊक. या वेळी डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. म्हणाल्या, "काका, सगळा दोष फुफ्फुसांवर नको. हृदयही बघू."

हृदयाची तपासणी सोनोग्राफीसारखी असते, दुखत नाही. तीत दिसलं, की खराब फुफ्फुसांत रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली आहे. औषधानं सूज उतरेल, पण लगेच भरती व्हा, असं त्यांनी बजावलं.

आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त तपासणी झाली एवढंच सांग.

भाऊबीजेला तुझ्याकडे यायचं, म्हणून मी भरती व्हायचं दिवाळीनंतर बघू म्हणत होतो. परवा जपाला बसलो आणि उठताना भिंत धरावी लागली. तेव्हा या वर्षी ओवाळायला तूच इकडे ये. मी आज सकाळी भरती झालो आहे.

तुझा धाकटा,
भालचंद्र