नाव घेऊन लावायचा लेप

६ जानेवारी
कोल्हापुरात आले आणि पहिल्याच दिवशी जीव रमला. मंगळवार पेठेत खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी चौकशा करकरून भंडावलं आणि वर लोणी डोसा खाऊ घातला. एमआयडीसीतली आमची औषध-संशोधनाची लॅब लहान, पण चकचकीत. उंदरांची देखभाल करायला पन्नाशीचे कृष्णातमामा आहेत. मुख्य म्हणजे इथं ‘सर’ नाहीत. पुण्यात सहा वर्षं राबून मी शोधलेलं औषध सरांनी स्वतःच्या नावावर छापलं आणि मला आभाराच्या ओळीत ढकललं. याचं उट्टं काढायचंय. या वेळी पेटंटवर माझं एकटीचं नाव असेल.

१४ जानेवारी
गडहिंग्लजच्या पुढं एका वाडीत बयाबाईंना भेटले. वय सत्तरीच्या पुढं. त्या जखमेवर एका मुळीचा लेप लावतात, पैसे घेत नाहीत. मला मुळी खणून दिली आणि एकच अट घातली. लावताना देणाऱ्याचं नाव घ्यायचं. “माज्या सासूनं मला दिलं, मी तिचं नाव घेती. तुमी माजं घ्या. न्हाईतर मुळी थांबायची न्हाय की,” म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

२० फेब्रुवारी
उंदरांच्या जखमा पाचव्या दिवशी बंद, व्रणसुद्धा नाही. नाचावंसं वाटलं. फक्त कृष्णातमामा लेप लावताना काहीतरी पुटपुटतात. विचारलं तर म्हणाले, बयाबाईचं नाव घेतोय, आमच्याकडं तसंच असतंय. मी चांगलंच झापलं. प्रयोगात असलं काही चालत नाही. नव्या उंदरांना लेप मीच लावणार.

४ मार्च
पेटंटचा अर्ज कॉम्प्युटरवर भरून ठेवला. माहिती कुणाकडून मिळाली, या रकान्यात रेघ मारली. दुपारी बयाबाईंची सून वर्षाराणी लॅबवर आली. सासूबाई रविवारी गेल्या. शेवटपर्यंत विचारत होत्या म्हणे, त्या पोरीनं माजं नाव लिवलं का? मी हो म्हणाले. तिनं कागद बघायला मागितला, तेव्हा कामाचं निमित्त काढून उठले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण श्रेयातला तुकडाही आता मी कुणाला देणार नाही.

९ मार्च
माझ्या उंदरांच्या जखमा बंद झाल्या, पण कातडी वाढायची थांबत नाही. एकाचे डोळे झाकलेत. दुसऱ्याचं तोंड. तिथं कधी काही नव्हतंच, असं सपाट. मामांचे जुने उंदीर धडधाकट, दाणे खातायत. मामा माझ्या बोटाकडं बघत राहिले. परवा काच लागली तेव्हा मीही तोच लेप लावला होता. काही न म्हणता.

११ मार्च
दोन बोटं जुळली. डॉक्टरांनी चिरून वेगळी केली, दुपारपर्यंत पुन्हा एक. मामा विनवत होते, मॅडम, अजून बी तिचं नाव घ्या, कागदावर लिवा, म्हातारी सोडंल. मी त्यांच्यावर ओरडले. ओरडताना ओठाचा डावा कोपरा उघडला नाही.

१२ मार्च, सकाळ
तोंड गेलं. नाव घेता येणार नाही — लिहिता येईल. डावा हात नुसता गोळा. उजव्या दोन बोटांत पेन कसंबसं —

दहा वाजता
अर्ज उघडला. रेघ खोडली. ‘बया’ एवढं टंकलं आणि खरंच — बोटं सैल पडली. ती वाट बघतेय.
पण मग सगळे म्हणतील, शोध म्हातारीचा. पुण्यात सर हसतील. पुन्हा मी आभारात —
नाही.

साडेदहा
खोडलं. रेघ मारली. पाठवला.
नाव माझंच. एकटीचं.
एक डोळा बंद. नाकपुडी — दुसऱ्या डोळ्याची फट आहे अजून, पोच आलेली दिसली — माझं नाव, नीट छापलेलं — सरांना आता कळेल, मी कुणाला भीत —
फट