आईचं वेगळं पातेलं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग जात नाही. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. मी कुठे बोलतेय, लिहितेय.

माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात एरंडोलच्या सरकारी दवाखान्यात आईला घेऊन मीच गेले होते. सकाळी तिच्या पापण्या सुजायच्या, बोटांत जोडवी रुतायची. डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि ती नासलेल्या दुधासारखी साकळली. मूत्रपिंडं दमलीत, अजून गेलेली नाहीत, असं त्यांनी समजावलं. प्रेशरची गोळी रोज, गुडघे कितीही ठणकले तरी दुकानातली दुखण्याची गोळी नाही, आणि मीठ अगदी बेताचं. एवढं पाळलं तर बरीच वर्षं निघतील. नाही पाळलं तर मशीनवर रक्त धुवावं लागेल, आणि ते मशीन तेव्हा आपल्याकडे कुठलं. निघताना म्हणाले, "हिची भाजी वेगळ्या पातेल्यात करत जा."

गोळ्या तुम्ही आणल्यात, ते नाकारत नाही. पण मी आईचं लहान पातेलं स्टोव्हवर चढवलं आणि तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. तुम्ही तिघे भाऊ एका चुलीवर जेवता याचा तुम्हाला केवढा तोरा. पाहुणा पाटावर बसला की पहिलं तेच सांगायचात. थोरलीचंच अन्न वेगळं शिजलं तर धाकट्या जावा उद्या काय करतील, हे तुमचं गणित. "मी शे तोवर या घरमा दोन चूल नही पेटाव," म्हणालात. पातेलं आईनंच उतरवलं. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, मन्हं खानं कितलं शे?" मी सगळ्यांच्याच भाजीत मीठ कमी टाकून पाहिलं, तर तुम्ही ताट सरकवलंत. मग ती सगळ्यांचीच शेवभाजी, सगळ्यांचाच ठेचा खात राहिली. पुढचा पोळा तिनं पाहिला, त्याच्या पुढचा नाही.

आणि तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत दोन्ही काकांनी आपापल्या चुली मांडल्या. तुम्ही ओट्यावर बसून नुसते बघत होतात. मला तेव्हा बरं वाटलं, आबा. अजूनही वाटतं.

आता मी धुळ्याला असते. गेल्या महिन्यात माझ्याही तपासणीत तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेही तेच, फक्त त्यांच्याकडे दिव्याऐवजी छापील रिपोर्ट होता. घरी आल्यावर ह्यांनी मुद्दाम बाजारात जाऊन माझ्यासाठी लहान पातेलं आणलं. इथे मला अडवणारं कोणी नाही. तरी मी त्यांना म्हणाले, "एका घरात दोन-दोन भाज्या कशाला?" म्हणताना दारात तुम्ही उभे असल्यासारखं वाटलं.

हे पत्र टाकायचं नाहीच, टाकणार तरी कुठे? ते पातेलं फळीवर पालथं आहे. आज दुपारी मी सगळ्यांचीच भाजी जेवले.