पेवाच्या तोंडाशी

प्रिय तम्मा,

करकंबातलं आपलं ज्वारीचं जमिनीखालचं पेव उद्या उघडायचं म्हणतात. तू गेल्यावर हे पहिलंच. तुझ्यामागं धनी म्हणून मलाच विचारायला आले, आणि मी आधी तुला लिहायला बसले.

रागावू नकोस, पण मागं पेव उघडलं त्या दिवशी ऐकायला हवं होतंस रे! तुझ्या हाडांत रक्त तयार होईना झालेलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "अंगात जंतूंना अडवणारं कुणी उरलं नाही. जपा." म्हणजे गोफणवाला नसलेलं ज्वारीचं रानच की! तरी तू उठलासच. "अक्का, धन्याच्या हातची पहिली ओंजळ निघाल्याबिगर पेव उघडतं व्हय? रक्त कमी झालंय, मान न्हाय!"

आम्ही तरी काय कमी जपलं? झाकण काढून कोंडलेली हवा जाऊ दिली, कंदील आत सोडून बघितला. तो विझला नाही. म्हणजे भीती नाही, एवढंच वाडवडिलांनी शिकवलेलं. कडेची बुरसलेली ज्वारी उकरताना तुझ्या तोंडावर धूळ उडाली, तिचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग ताप, खोकला. छातीच्या फोटोत डाग दिसला. आपल्याकडे डाग म्हटला की आधी क्षयच आठवतो. त्याची इंजेक्शनं झाली, ताप हटेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "खोकल्याच्या आधी हे कुठं गेले होते?" मी पेवाचं सांगितलं. त्यांनी थुंकी पुन्हा तपासली. फुफ्फुसात बुरशी धरली होती.

औषध मुंबईहून आलं. सलाईनमधून चढलं की हुडहुडीनं तुझे दात वाजायचे. "अक्का, ह्यापरीस तुझा कडू काढा बरा की!" हसलो आपण दोघं. पण उशीर झाला होता.

परदेशात आता बहिणीच्या हाडातला मगज भावाला देतात म्हणे. माझा दिला नसता का? डॉक्टर म्हणाले, तिथंही तो रुजेपर्यंत अशा बुरशीपासून छातीच सांभाळावी लागते.

पेवाला लागून घर आहे त्या सुमीला तुझाच आजार झालाय. परवाच दवाखान्यातून आली. "अक्का, मी पण बघायला येणार!" म्हणते.

धन्याच्या हाताबिगर पेव उघडत नाही, असं तूच म्हणायचास ना? मग सडली तर सडू दे ज्वारी. सुमीच्या अंगात राखणदार परत येईपर्यंत हा हात मी पुढं करणार नाही. हा माझा शब्द.

तुझी,
अक्का