दसऱ्याचा कॅमेरा

शनि. ९ जुलै १९८३, रिव्हिएर दू रांपार

बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या सुरिनाम गावातल्या लग्नाचे फोटो परत आले. नवरीची आई स्वतः घेऊन आली, दोन बसगाड्या बदलून. स्टुडिओच्या टेबलावर पाकीट उपडे केले.

“बघ भाऊ, माज्या पोरीचं तोंड खंय हाय ह्यात? फ्लू! सगळा फ्लू, पुसट!”

बाबांनी एक फोटो दाराच्या उजेडाकडे धरला, मग अगदी नाकाजवळ नेला. म्हणाले, “भिंगात बुरशी धरली वहिनी. बेटाची हवाच दमट.”

“हवा माज्या घरात पन हाय. माजी पोर तशी पुसट दिसत न्हाय.”

आतल्या दारातून दादा म्हणाला, “कॅमेराच म्हातारा झालाय मावशी. बदलतोय आता.” आईने तिला मळ्यातली वांगी दिली. ती तिने घेतली. फोटो टेबलावरच ठेवून गेली.

रवि. १० जुलै

जेवताना पुन्हा तोच विषय. दा.चे म्हणणे : शहरात सगळे रंगीत काढतात, हातात मावणारा जपानी कॅमेरा असतो, आणि आपण अजून छातीशी पेटी धरून खाली वाकतो. दुकानदार जुना कॅमेरा बदल्यात घ्यायला तयार आहे. दा. कपड्यांच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला सर्व गोष्टी बदलून हव्या असतात.

बा. म्हणाले, “हत्यार दसऱ्याला आणायचं. आडदिवशी आणलेलं हत्यार हाताला लागत नाही.”

हे आमच्याकडे दरवर्षी ठरते. खंडेनवमीला कोयता, आईचा तराजू, शिवणयंत्र, एन्लार्जर आणि कॅमेरा एका पाटावर बसतात, हळदकुंकू होते, आणि दसऱ्याला नवा कॅमेरा येत नाही. यंदा दा.ने धरून ठेवले : “ह्या दसऱ्याला. नक्की?”

“कोरेक,” बा. म्हणाले.

मलाही नवा हवा आहे. अंधारखोलीत कागदावर एकेक चेहरा पुसट उमटतो, तेव्हा ती चूक माझ्याच हातांची आहे असे वाटते.

मंगळ. १२ जुलै

सुरिनामच्या निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्या. नवरीच्या मागे आंब्याचे तोरण आहे. त्याच्या पानापानावरची शीर मोजता येते.

भिंग बुरशीने गेले असते तर सर्वच धूसर आले असते. पान स्पष्ट आहे, चेहरा नाही. म्हणजे भिंग आपले काम करते आहे. फक्त ते चुकीच्या अंतरावर लावले गेले. अंतर लावतात

(वाक्य अपुरे राहू द्यावे.)

रवि. १७ जुलै

बा. देवळाच्या सभेला गेले होते. कॅमेऱ्यात दोन-तीन फोटो शिल्लक होते. मळ्यात आई वालाच्या वेलाला दोऱ्या बांधत होती. मी खाली वाकून काचेवरचे चित्र पाहिले, बाजूचे चाक फिरवत फिरवत ते स्पष्ट केले. संध्याकाळी तो फोटो धुतला. आईच्या नाकातली फुली, दोरीची गाठ, बोटावरची माती.

तोच कॅमेरा, तेच भिंग.

दा. प्रिंट पाहायला आला. “अरे वा पंडितीणबाई! मराठीच्या परीक्षेत बेटात पहिली, आता ह्यातही पहिली?” मग स्वतःच हसला. “पण तू लग्नात कशी काढणार? नवरीला ‘हस’ म्हणायच्या आधी तूच पदराआड जाशील.”

बा. परतायच्या आत ती प्रिंट फाडली.

बुध. ३ ऑगस्ट

आज बोलण्याचे ठरवले होते. वाक्य सकाळपासून मनात रचले होते. बा. स्टुडिओतला धबधब्याचा पडदा झटकत होते.

मी : “बाबा, मोका गावात डोळ्यांचा दवाखाना आहे. एकदा नुसते दाखवून आलो तर—”

बा. : “कुणाला काय झालं?”

मी : “झाले काही नाही.”

बा. : “मग डॉक्टर काय बघणार? आपल्याकडे डोळे पक्के. तुझा आजा मरेपर्यंत सुई ओवायचा.” मग पडद्याकडे तोंड करून : “तू फार वाचतेस. तुलाच दाखवायला पाहिजे.”

इतके लांबलचक वाक्य तयार होते, त्यातले अर्धेही झाले नाही.

यापुढे येथे ‘डो.’ लिहीन. तो पूर्ण शब्द लिहिला की गोष्ट ठरून गेल्यासारखी वाटते.

रवि. ११ सप्टेंबर

गणपती पोचवले. समुद्रावर आमच्या गावची आणि शेजारच्या गावांतली सर्व मराठी घरे होती. विसर्जनापूर्वी मूर्ती मध्ये ठेवून प्रत्येक कुटुंब रांगेत उभे राहते आणि बा. फोटो काढतात. मी पिशवी धरायला.

बा.नी खिशातून सुतळी काढली. एक टोक कॅमेऱ्याच्या तिपाईला बांधलेले, दुसरे माझ्या हाती. “त्या मधल्या आजीच्या नाकाला लाव.” स्टुडिओत ही रीत पाडव्यापासून चालू आहे. कोणी विचारले तर बा. म्हणतात, ही लंडनची पद्धत. मला तो ग्राहकावर छाप पाडण्याचा प्रकार वाटत असे.

रांगेतून कोणी ओरडले, “काय रे, नाकाचं माप घेतोस? म्हातारीला नथ करतोस काय?” म्हातारी म्हणाली, “करू दे की! नवऱ्यानं तर केली न्हाय.” सर्व हसले. मी सुतळी धरून उभी, कान तापलेले.

सुतळीला गाठी आहेत. बा.नी ताणलेली सुतळी बोटांनी चाचपली, कुठल्या गाठीशी आली ते पाहिले, मग अंगठ्याने कॅमेऱ्याचे चाक फिरवले. रीतीप्रमाणे खाली वाकले. मी बाजूला होते म्हणून मला दिसले. डो. मिटलेले होते.

घरी आल्यावर अंधारखोलीत चाकावरून नख फिरवले. कडेला कानशीने पाडलेल्या खाचा आहेत. जितक्या गाठी, तितक्या खाचा.

बा.ना माहीत आहे. कधीपासून, ते फक्त त्यांना ठाऊक.

मंगळ. १३ सप्टेंबर

गणपतीचे सर्व फोटो उत्तम आले. घराघरांतून निरोप : अजून एक प्रत हवी. दा. खूष. “बघा! पेटीत अजून जीव आहे. आता दुकानदार बदल्यात घ्यायला कुरकुर करणार नाही.”

बा. त्याच्याकडे पाहून हसले. ते हसणे मला पाहवले नाही.

रात्री पुस्तक उघडून बसले, वाचन झाले नाही. विचार पुनःपुन्हा त्याच जागी येतो. जो स्थिर उभा राहतो त्याचा फोटो बा. सुतळीने काढू शकतात. लग्नात माणसे चालतात, वाकतात, माळ घालतात. तिथे सुतळी कामाची नाही, आणि सुरिनामला तेच झाले. पण स्टुडिओ, पासपोर्ट, गणपती, हे सारे त्या जुन्या कॅमेऱ्यावर निभू शकते. फक्त त्याच एका कॅमेऱ्यावर. तोच द्यायला निघाले आहेत.

बा. ‘नको’ म्हणू शकत नाहीत. का नको, ते सांगावे लागेल. मी सांगू शकते. सांगितले की बा.चा स्टुडिओ त्या दिवशी संपला. मग कुलूप, किंवा मी. परक्या पुरुषांना ‘हनुवटी वर करा’ म्हणणारी मी, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिले. येत नाही.

(वर पूर्ण शब्द लिहिला गेला. राहू दे.)

शनि. १ ऑक्टोबर

दा.ने दुकानातून नव्या कॅमेऱ्याचा चित्रांचा कागद आणला. बा.नी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, माझ्याकडे दिला. “वाच.” मी इंग्रजीतून मराठी करत वाचले. बा. ऐकत होते. मग विचारले, “ह्याचं चाक कसं असतं? दातेरी?”

दा. : “छे! भिंगाभोवतीच गोल फिरतं. रबर बसवलेलं. लोण्यासारखं.”

बा. : “चांगलं.”

मी म्हणाले, “जुना राहू द्यावा. अडीअडचणीला.” आवाज बेताचाच निघाला असावा.

दा. : “पंडितीणबाईंना म्युझियम काढायचंय.”

आई मध्ये पडली : “असू दे की रे एका कोपऱ्यात. खायला मागतो काय?” क्षणभर वाटले, झाले. पण बा. स्वतःच म्हणाले, “नको. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. देऊन टाक.”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले असावे. हल्ली सांगता येत नाही.

शनि. १५ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर यंदा दोन कॅमेरे. नवा कालच आणून ठेवला, वापरायचा दसऱ्यालाच. खोक्यातून काढला, कोणी हाताळला नाही. जुना सोमवारी जाणार.

बा.नी जुन्याला हळदकुंकू लावले. बोट भिंगावर न जाता चाकावर गेले आणि तिथेच राहिले. आई म्हणाली, “अहो, पुढं सरका, कोयता राहिलाय.”

आज बोलता आले असते. हत्यारांना आज हात लावायचा नसतो, घरात कोणाला काम नसते, सगळे एकत्र होते. प्रसादाचे ताट फिरले, पुन्हा रिकामे आत गेले. मी ते विसळले.

रवि. १६ ऑक्टोबर, दसरा

सोने वाटून झाले. पहिला फोटो घरातल्यांचा : दारापुढे आई, दा., मी. दा.ने आधी बा.ना दाखवले, आत मध्यभागी एक वर्तुळ आहे, त्यात चेहऱ्याचे दोन तुकडे दिसतात, चाक फिरवून ते जुळवायचे.

“जुळले काय बाबा?”

“थांब.”

खूप वेळ. रस्त्यावरून उसाची लॉरी गेली. आईने उगाच पदर सारखा केला.

“जुळले काय?”

“जुळले रे, जुळले.”

मी समोरच उभी होते. पुढे जाऊन ते चाक फिरवायला पाच पावलेही लागली नसती. उभी राहिले. फोटोत हलू नये असे लहानपणापासून शिकवले आहे.

पहिली फिल्म साधी काळी-पांढरी घातली होती, म्हणजे घरीच धुता येईल. दुपारी धुतली. दाराच्या चौकटीतले खिळे दिसतात. आम्ही तिघे नाही.

दा. ओल्या प्रिंटकडे पाहत राहिला. त्या क्षणी त्याला समजणार असे वाटले. त्याने बा.कडे पाहिलेही. मग म्हणाला, “लेन्स. लेन्सच साधी आहे ही.”

बा. लगेच : “तेच म्हणतो मी. आत अंधार आहे.”

“एक पूर्णांक चार वाली घ्यायला पाहिजे होती. तिचं तोंड मोठं, आत लख्ख दिसतं.”

“मग तीच आणू.”

दोघांनाही किती हायसे वाटले! आईने गोड वाढले. मीही खाल्ले.

सोम. १७ ऑक्टोबर

जुना गेला. दा.ने कामावर जाताना थैलीत घालून नेला. बा. तेव्हा मागे मळ्यात होते. पाणी घालण्याचे काम त्यांचे नसते.

सुतळी आईने वालाला वापरली.

गुरु. २० ऑक्टोबर

पासपोर्टचा फोटो काढायला एक तरुण आला. फ्रान्सला जाणार. बा.नी तीन वेळा काढला, तिन्ही वेळा पुसट. त्यांनी त्याला हसून सांगितले, नव्या कॅमेऱ्याचा हात बसायला वेळ लागतो. तो म्हणाला, “नो प्रॉब्लेम, तोंतोन,” म्हणजे काका, आणि ‘उद्या येतो’ सांगून गेला. मला वाटते शहरात जाईल.

रात्री बा.ना म्हणाले, “उद्या तो आला तर मी चाक फिरवून पाहू का? नुसते शिकायला.”

“शीक की.” मग कॅमेरा खोक्यात ठेवत : “मोठी लेन्स आली की शीक. हिच्यात तुला पण दिसायचं नाही.”

शुक्र. २१ ऑक्टोबर

तो तरुण आला नाही.

शनि. २२ ऑक्टोबर

बा. आणि मी शहरात गेलो. दा.ला जादा पाळी होती. दुकानदाराने ती मोठी लेन्स कॅमेऱ्यावर बसवली आणि बा.च्या हाती दिली. बा. दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्याकडे पाहू लागले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

दुकानदार : “की दिर, पापा? काय म्हणता? दिसतं ना बरं?”

“उजेड आहे,” बा. म्हणाले. “पुष्कळ उजेड आहे.”

मग कॅमेरा माझ्याकडे दिला. “बघ गं. तुला काय दिसतं?”

समोर रस्त्यापलीकडे शिंप्याचे दुकान होते. दारात बसलेल्या माणसाने दातांत धरलेला दोरा मला दिसला.

“चांगले दिसते,” मी म्हणाले.

“सगळं?”

“सगळे.”

“मग घ्यायची ना?”

बा.नी मला आजवर असे काही विचारलेले नाही. दुकानदार थांबला होता. मी कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. तो काढला असता तर बा.च्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे लागले असते. शेवटी मी म्हणाले, पुढच्या शनिवारी आम्ही सांगतो. दुकानदाराने लेन्स पुन्हा खोक्यात घातली आणि आमच्या नावाने बाजूला ठेवली.

परतताना बसमध्ये बा. खिडकीशी. उसाची शेते अर्धी तोडलेली. गाव जवळ आले तेव्हा म्हणाले, “ही एक पूर्णांक चार. हिच्याहून उजळ असते काय गं?”

“असते, बाबा.”

“आणि तिच्याहून?”

मी म्हणाले, कॅमेऱ्याच्या पुस्तकात बघून सांगते.

पुस्तक मेजावर आहे. उघडलेले नाही. बा. पलीकडच्या खोलीत जागे आहेत. त्यांनी दोनदा विचारले, “सापडलं काय?”